भारी घड्याळ... रोज घालायचं!

मोबाइलवर वेळ दिसते, लॅपटॉपवर दिसते, गाडीच्या डॅशबोर्डवरही दिसते. मग लाखाच्या घरातलं घड्याळ घ्यायचं तरी कशाला? आणि घेतलंच, तर ते पावसात, बाइकवर, शॉप फ्लोअरवर रोज घालायची हिंमत होईल का? पहिल्या 'भारी' घड्याळासाठी पाडव्यापासून दसऱ्यापर्यंत नाशिक पालथं घातलेल्या एका क्वालिटी इंजिनिअरची ही गोष्ट. थोडी मजेची, थोडी फजितीची आणि बरीचशी कामाची!

मार्च एन्ड संपला, बोनस जमा झाला आणि मी घरात जाहीर केलं, "यंदा एक चांगलं घड्याळ घेणार."

"घे की. किती, दोन-तीन हजार?" आईनं विचारलं.

मी आकडा सांगितला. आईनं हातातली पोळी तव्यावर तशीच ठेवली. "लाखाचं घड्याळ? अरे, त्यात दागिना होईल. अडीनडीला मोडता तरी येईल. घड्याळ कोण मोडून देतं?"

बायको बँकेत आहे. तिनं वेगळाच मुद्दा काढला. "घे, माझी हरकत नाही. पण कपाटात ठेवायला घेणार असशील तर नको. लग्नातला सूट वर्षातून एकदा बाहेर निघतो, ते पुरे."

आणि बाबा? ते पेपर वाचत होते. पेपर खाली न घेताच म्हणाले, "रोज घालणार असशील तर घे."

झालं! दोघांनी मिळून अटच घालून दिली. घड्याळ रोजचं हवं. ही एक अट लावली ना मंडळी, की शोरूममधली निम्मी घड्याळं आपोआप बाद होतात. कशी, ते पुढे सांगतो.

बाबांचं 'जनता'

आधी बाबांच्या हातावरच्या घड्याळाबद्दल. कारण खरं सांगायचं तर हे वेड तिथूनच आलंय.

बाबा सातपूरला मायकोत होते. २००८ मध्ये कंपनीचं नाव बॉश झालं, पण नाशिककरांच्या तोंडी अजून मायकोच, आणि सर्कलसुद्धा मायको सर्कलच! १९७९ च्या दिवाळीत पहिला बोनस मिळाला, तेव्हा त्यांनी एचएमटीचं 'जनता' घेतलं. पांढरी तबकडी, सरळ आकडे, सतरा ज्वेल्सचं मशीन आणि रोज सकाळी चावी द्यायची. त्या काळी एचएमटीसाठी थांबावं लागायचं. कोणाचा मेव्हणा बंगलोरला असेल तर त्याला पत्र टाकायचं!

आज एचएमटी म्हटलं की आपल्याला आजोबांचा ड्रॉवर आठवतो. पण तिची गोष्ट मोठी आहे. सरकारच्या या कंपनीनं १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनशी करार करून बंगलोरला घड्याळं बनवायला सुरुवात केली. जनता, पायलट, सोना, कांचन, कोहिनूर... देशाच्या मनगटावर ही नावं होती. मग १९८४ मध्ये टाटा आणि तामिळनाडू सरकारच्या महामंडळानं मिळून टायटन काढली. होसूरच्या कारखान्यातून सेलवर चालणारी देखणी क्वार्ट्झ घड्याळं बाजारात आली आणि चावीच्या घड्याळांचे दिवस भरले. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारनं एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली.

बाबांचं 'जनता' मात्र चालू आहे. सेकंदाला पाच ठोके, म्हणजे दिवसाला चार लाख बत्तीस हजार. निवृत्तीनंतरही त्यांनी ते कधी काढलं नाही.

दोन वर्षांपासून एक फरक पडलाय. बाबांचा हात थरथरतो. ती चिमुकली चावी त्यांच्या चिमटीत धरली जात नाही. ते कोणाला सांगतही नव्हते. एक दिवस मीच पाहिलं, घड्याळ पावणेचारला थांबलेलं आणि तरी हातावर बांधलेलं. तेव्हापासून रोज सकाळी चहाच्या आधी चावी मी देतो. त्यावर आमचं बोलणं होत नाही. ते हात पुढे करतात, मी घड्याळ काढून घेतो, चावी देतो, परत बांधतो. बस्स.

पहिली फजिती

आता फजितीची गोष्ट. सुरुवातीला मला वाटलं, नवं कशाला? जुनं, व्हिंटेज घेऊ. स्टाइल पण आणि पैसे पण वाचतील. ऑनलाइन एका विक्रेत्याकडे साठच्या दशकातलं म्हणून फाव्र-ल्यूबा दिसलं. झगझगीत निळी डायल, एकदम नवी कोरी. हे जुनं स्विस नाव आपल्याकडे १८६५ पासून आहे, आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला चांगलं माहीत. मी हुरळलो. साडेआठ हजार भरले.

घड्याळ आलं. मेनरोडच्या आतल्या बोळात जेमतेम चार फुटांचं एक दुकान आहे, बाबांचं 'जनता' नेहमी तिथेच जातं. तिथल्या काकांना दाखवलं. त्यांनी डोळ्याला आयग्लास लावला आणि दहा सेकंदांत काढला.

"भाऊ, किती दिले?"

मी आकडा सांगितला. काका काहीच बोलले नाहीत. चहा मागवला. तेव्हाच कळलं, आपण गेलो.

मग त्यांनी एकेक दाखवलं. डायल पुन्हा रंगवलेली. कंपनीनं अशा निळ्या रंगाची डायल बहुधा कधी काढलीच नसेल. नावाची अक्षरं भिंगाखाली फुटलेली, तासाच्या खुणा आणि मिनिटांच्या रेषा जुळत नाहीत, काटे दुसऱ्याच घड्याळाचे. आत मशीन जुनं आहे, पण त्यातही दोन घड्याळांचे पार्ट. "याला आम्ही खिचडी म्हणतो," काका म्हणाले. विक्रेत्याला मेल केले, फोन केले. पैसे परत मिळाले नाहीत ते नाहीतच.

धडा एकच. जुनं घड्याळ हा पहिल्या खरेदीचा खेळ नाही. डोळा तयार झाल्यावर खेळायचा. आणि एखादं पन्नास-साठ वर्षं जुनं घड्याळ नव्यासारखं चकाकत असेल, तर खूश व्हायचं नाही, संशय घ्यायचा!

सेल, चावी की ऑटोमॅटिक?

कॉलेज रोडवरच्या मल्टिब्रँड शोरूममध्ये पहिल्यांदा गेलात की सेल्समन पहिलाच प्रश्न विचारतो, "सर, क्वार्ट्झ की ऑटोमॅटिक?" तिथे गोंधळायचं नसेल तर एवढं माहीत हवं.

क्वार्ट्झ म्हणजे सेलवर चालणारं. आत क्वार्ट्झचा एक बारीकसा तुकडा असतो. विजेचा झटका मिळाला की तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि त्या मोजणीवर काटा सरकतो. साधं क्वार्ट्झ घड्याळसुद्धा महिन्याला पंधरा-वीस सेकंदच इकडेतिकडे होतं.

मेकॅनिकलमध्ये सेल नाही. एक गुंडाळलेली स्प्रिंग हळूहळू सुटते आणि तिची ताकद बॅलन्स व्हील नावाच्या इवल्याशा चाकाच्या डोलण्यानं मोजून सोडली जाते. चावी रोज द्यायची असेल तर ते हॅण्डवाइंडिंग, बाबांच्या 'जनता'सारखं. आणि हात हलला की आतलं वजन फिरून चावी आपोआप बसत असेल तर ते ऑटोमॅटिक.

आता गंमत ऐका. स्वित्झर्लंडमध्ये मेकॅनिकल मशिनं तपासणारी सीओएससी नावाची संस्था आहे. ती प्रत्येक मशीन पंधरा दिवस, पाच वेगवेगळ्या स्थितींत आणि तीन तापमानांत तपासते. पास व्हायचं असेल तर रोजचा सरासरी फरक उणे चार ते अधिक सहा सेकंदांत बसला पाहिजे. म्हणजे सर्टिफिकेटवालं महागडं स्विस घड्याळ दोन-तीन दिवसांत जेवढं चुकू शकतं, तेवढं पाच-सातशे रुपयांचं क्वार्ट्झ महिन्याभरात चुकतं!

मग मेकॅनिकल घ्यायचं कशाला? मी हाच प्रश्न बाबांना विचारला. बाबांनी आयुष्यभर डिझेलच्या नोझलवर काम केलं. सुई आणि बॉडी यांच्यामधली फट दोन-तीन मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा, म्हणजे विचार करा! मी त्यांना पारदर्शक पाठीचं एक ऑटोमॅटिक दाखवलं. बॅलन्स व्हीलच्या दांड्याचं टोक जेमतेम एक दशांश मिलिमीटरचं असतं, हेही सांगितलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "सेल टाकून कोणीही वेळ दाखवेल रे. हे मशीन आहे."

माझं उत्तर मिळालं. तुमचं वेगळं असू शकतं. वेळ बघायला घड्याळ हवं असेल आणि कटकट नको असेल, तर बिनधास्त क्वार्ट्झ घ्या. त्यात कमीपणा काहीच नाही. टायटननं २००२ मध्ये आणलेलं 'एज' जेमतेम साडेतीन मिलिमीटर जाडीचं होतं आणि ते क्वार्ट्झच होतं.

मनगट आपलं, साइज आपली

पहिल्या चकरेत मी चव्वेचाळीस मिलिमीटरचं घड्याळ घातलं. आरशात बघितलं. भिंतीवरचं घड्याळ काढून हाताला बांधल्यासारखं वाटत होतं! सेल्समन म्हणतोय, "सर, एकदम पर्सनॅलिटी येते." बायको मागे उभी राहून हसतेय.

आपली मनगटं बहुतेकांची साडेसहा-सात इंचांची. त्यावर छत्तीस ते चाळीस मिलिमीटरची तबकडी छान बसते. पण नुसता व्यास बघू नका. पट्टा जिथे अडकतो ती वरची आणि खालची टोकं मनगटाच्या बाहेर लटकत असतील तर घड्याळ मोठं झालं. आणि जाडी बघा! फुल शर्टाच्या कफखाली सरकत नसेल तर ऑफिसमध्ये दिवसभर कफशी मारामारी. रोजच्या घड्याळाला दहा-अकरा मिलिमीटरची जाडी पुरे.

अजून एक. शोरूममधल्या पिवळ्या दिव्यात सगळंच सुंदर दिसतं. घड्याळ घालून दाराबाहेर या, कॉलेज रोडच्या उन्हात बघा. अर्ध्या चकचकीत डायल उन्हात वाचताच येत नाहीत.

नाशिकचं 'रोज' म्हणजे काय?

माझं रोज म्हणजे अंबड एमआयडीसी. सकाळी बाइक, दिवसभर शॉप फ्लोअर आणि क्वालिटी लॅब, संध्याकाळी गंगापूर रोडवर चक्कर. जूनपासून पाऊस, मेमध्ये घाम. यात टिकेल तेच आपलं.

पाणी. घड्याळाच्या पाठीवर ३० मीटर लिहिलं म्हणजे तीस मीटर खोल जाता येतं, असं अजिबात नाही! ती प्रयोगशाळेतल्या दाबाची चाचणी असते. तीस मीटरवालं हात धुताना उडालेलं पाणी सोसेल, तेवढंच. पन्नासवालं पावसात बरं. आणि निर्धास्त राहायचं असेल, पोहायला जायचं असेल, तर शंभर मीटर घ्या. २०२७ च्या सिंहस्थात रामकुंडात डुबकी मारायचा बेत असेल तर पाठीवरचा आकडा बघूनच मारा! गरम पाण्याची आंघोळ आणि वाफ मात्र कुठल्याच घड्याळाला नको. आतलं रबरी सील त्यानं लवकर खराब होतं.

काच. सफायरच हवी. कठीणपणाच्या मोजपट्टीवर ती नऊवर, हिरा दहावर. म्हणजे किल्ल्या, नाणी, भिंत यांनी ओरखडा पडत नाही. स्टीलवर मात्र पडतो, तो पडणारच.

लोहचुंबक. हा मुद्दा कुठला सेल्समन सांगत नाही, म्हणून नीट ऐका. आमच्या टूलरूममध्ये सरफेस ग्राइंडरला मॅग्नेटिक चक आहे. तिथल्या एका मित्राचं ऑटोमॅटिक दिवसाला दहा मिनिटं पुढे पळायला लागलं. त्याला वाटलं, मशीन गेलं! मेनरोडच्या काकांनी घड्याळ कंपासशेजारी धरलं, सुई डोलली. आतली केसासारखी हेअरस्प्रिंग चुंबकित झाली होती. तिची वेटोळी एकमेकांना चिकटली की स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ पळतं. काकांनी डीमॅग्नेटायझरवर फिरवलं, मिनिटभरात बरं! टूलरूम सोडा हो. मोबाइलचं मॅग्नेटवालं कव्हर, स्पीकर, टॅबची फ्लॅप... हे सगळं तुमच्या ऑफिसच्या टेबलावरच आहे. म्हणून आता बऱ्याच कंपन्या हेअरस्प्रिंग सिलिकॉनची बनवतात, तिला चुंबक लागत नाही. माझ्या यादीत ही अट वर गेली.

सुट्टी. शुक्रवारी रात्री आठला घड्याळ काढून ठेवलं आणि सोमवारी सकाळी घातलं, तर चालू असेल का? वर्षानुवर्षं असंख्य स्विस ब्रँड्समध्ये बसलेलं एक लोकप्रिय मशीन अडतीस तास चालायचं, म्हणजे रविवारी सकाळी दहाला बंद. त्याचंच नवं भावंड ऐंशी तास चालतं, म्हणजे मंगळवारच्या पहाटेपर्यंत. कसं जमवलं? ठोके कमी केले. तासाला २८,८०० होते ते २१,६०० केले, आणि मेन स्प्रिंग सुधारली. काटा किंचित कमी गुळगुळीत सरकतो, पण सोमवारी सकाळी वेळ लावत बसायला नको.

पंचवटीनं मुंबई

नाशिकमध्ये बघून झालं, तरी मन भरेना. मग एका शनिवारी पंचवटी एक्स्प्रेस पकडली आणि थेट फोर्ट गाठलं. राजाबाई टॉवरसमोर उभा राहिलो. १८७८ मध्ये पुरा झालेला हा टॉवर, प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले आणि नाव दिलं आईचं. सांगतात, की आईला दिसत नव्हतं, घड्याळाच्या ठोक्यांवर तिला संध्याकाळच्या जेवणाची वेळ कळावी म्हणून! गोष्ट खरी असो-नसो, घड्याळावर एवढा खर्च करणारा मी पहिला नाही, याचा मला भलताच धीर आला.

मुंबईत दिवसभर शोरूम फिरून बाजाराचा नकाशा डोक्यात बसला. ढोबळमानाने तो असा. पन्नास हजार ते लाखाच्या आसपास टिसो, हॅमिल्टन, सीकोचं प्रेसाज. दीड लाखाच्या पुढे लाँजिन, राडो, ओरिस. त्याच्या वर ट्यूडर. आणि मग ओमेगा, रोलेक्स... त्यांच्या किमतीत आपली हॅचबॅक येते!

राडोवर माझा जीव होता. लहानपणी दुबईहून आलेल्या एका काकांच्या हातावर सोनेरी राडो होतं आणि अख्खी सोसायटी ते बघायला आली होती. १९६२ मध्ये ओरखडा न पडणारं 'डायास्टार' काढून त्यांनी नाव कमावलं आणि १९८६ पासून सिरॅमिक आणलं. सिरॅमिक वर्षानुवर्षं नव्यासारखं दिसतं, हे खरं. पण कठीण वस्तू ठिसूळही असते. फरशीवर पडलं तर स्टीलला पोचा येतो, सिरॅमिकला तडा जाऊ शकतो. शॉप फ्लोअर आठवला आणि मी राडो खाली ठेवलं. ऑफिसात एसीत बसणाऱ्यांनी जरूर विचार करावा.

लाँजिन आवडलं. खूपच आवडलं. कंपनी १८३२ ची, फिनिशिंग असं की डायलवरून नजर हटेना. पण बजेटच्या दीडपट. सेल्समन गोड हसून म्हणाला, "सर, ईएमआय करून देतो, नो कॉस्ट." सही करायला पेन हातात घेतलं होतं, खरंच. तेवढ्यात बायकोचा फोन आला, "होम लोनचा हप्ता पाच तारखेला जातोय, लक्षात आहे ना?" पेन ठेवलं. घड्याळ हप्त्यावर घेतलं की दर महिन्याला त्यात वेळेऐवजी तारीखच दिसते!

हिशोब, हिशोब!

आता आईच्या मुद्द्याकडे. घड्याळ म्हणजे इन्व्हेस्टमेंट, असं कोणी सांगितलं तर नम्रपणे नमस्कार करा. मोजक्या ब्रँडची मोजकी मॉडेल्स सोडली तर दुकानाबाहेर पाऊल टाकताच घड्याळाची किंमत उतरते. सोनं सराफ बाजारात कधीही मोडता येतं. आई बरोबर आहे. म्हणून जे पैसे परत आले नाहीत तरी झोप उडणार नाही, तेवढ्याच पैशांचं घड्याळ घ्यायचं.

दुसरा खर्च सर्व्हिसिंगचा. मेकॅनिकल घड्याळ म्हणजे मशीन, त्यातलं तेल सुकतं. साधारण पाच-सहा वर्षांनी पूर्ण खोलून साफ करावं लागतं आणि घड्याळ जितकं भारी तितकं बिल भारी. विकत घेण्याआधीच दुकानात विचारा, सर्व्हिसिंगला किती लागतील, घड्याळ कुठे पाठवता आणि परत यायला किती दिवस? या प्रश्नावर जो अडखळतो, त्याच्याकडून घेऊ नका.

तिसरं, ड्यूटी. भारत आणि स्वित्झर्लंडसह चार देशांच्या गटाचा व्यापार करार १० मार्च २०२४ ला झाला आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. स्विस घड्याळांवरची ड्यूटी त्यात टप्प्याटप्प्यानं कमी व्हायची आहे. मग थांबायचं का? माझं मत, नाही. कपात थोडी-थोडी होणार आणि कंपन्यांच्या किमती मधल्या काळात खाली थांबून राहत नाहीत.

चौकट : पाकीट उघडण्याआधी

• अधिकृत डीलरकडूनच घ्या. वॉरंटी कार्डवर तारीख आणि दुकानाची नोंद हवी. सीरियल नंबर घड्याळाशी जुळवून बघा.

• 'स्विस मेड' हे नुसतं शोभेचं लिखाण नाही. २०१७ पासूनच्या नियमानुसार निर्मितीखर्चाचा किमान ६० टक्के हिस्सा स्वित्झर्लंडमधला लागतो. शिवाय मशीन स्विस, जोडणी तिथली आणि शेवटची तपासणीही तिथलीच.

• चावीचा स्क्रू नीट बसतो का, तारीख पटकन बदलते का, चेनचं लॉक घट्ट आहे का, हे स्वतः करून बघा.

• चेनच्या काढलेल्या कड्या मागून घ्या. दोन किलो वजन वाढलं की लागतात!

• पट्टा बदलायची हौस असेल तर दोन टोकांमधलं अंतर विचारा. अठरा, वीस, बावीस मिलिमीटरचे पट्टे कुठेही मिळतात. एकवीसचे शोधावे लागतात.

• परदेशातून कोणाला आणायला सांगत असाल तर ड्यूटी-फ्री मर्यादेच्या वरच्या रकमेवर कस्टम भरावं लागतं. 'हातात घालून ये' हा सल्ला देणारा मित्र विमानतळावर सोबत नसतो.

• भाव करा. अधिकृत दुकानातही सणाला काही ना काही सुटतं. विचारायला लाजू नका.

दसऱ्याचं सोनं

दसऱ्याच्या सकाळी आम्ही चौघं कॉलेज रोडवर गेलो. शेवटी घेतलं टिसोचं 'जंटलमन'. चाळीस मिलिमीटर, स्टीलची चेन, सफायर काच, शंभर मीटर, ऐंशी तासांचं मशीन, सिलिकॉनची हेअरस्प्रिंग. किंमत लाखाच्या आत. आणि हो, पट्ट्याचं माप एकवीस मिलिमीटर! चौकटीतला तो मुद्दा स्वानुभवाचा आहे.

दुकानदारानं पेढे दिले, फोटो काढला. आईनं घड्याळाला हळद-कुंकू लावलं. काचेला नाही, डब्याला, एवढं ऐकलं तिनं माझं. उरलेल्या पैशांतून 'जनता'चं सर्व्हिसिंग करून आणलं. काका म्हणाले, "याचे पार्ट आता दुसऱ्या जनतातूनच काढतो. एक मेलं की दुसरं जगतं." पण या खेपेला काही बदलावं लागलं नाही. फक्त तेल.

नव्या घड्याळाला पहिला ओरखडा तेराव्या दिवशी पडला. व्हर्निअर हाइट गेजच्या पायाला चेन घासली. सगळ्या लॅबसमोर मी "आई गं!" ओरडलो. घरी येऊन बाबांना दाखवलं. त्यांनी आपलं मनगट माझ्या मनगटाशेजारी आणलं. 'जनता'च्या केसवर इतके ओरखडे होते, की चकाकी कुठे उरलीच नव्हती.

एकाकडे बोट दाखवून म्हणाले, "हा तू झालास त्या दिवशीचा. हॉस्पिटलच्या जिन्यात कठड्याला लागला."

मला हे माहीतच नव्हतं.

एक गोष्ट मात्र तेव्हाच विचारून टाकली. "बाबा, तुम्हालाही एक ऑटोमॅटिक घेऊ का? चावीची भानगड नको."

त्यांनी थोडा विचार केला. "नको," म्हणाले. "मग सकाळी तू कशाला येशील?"

आता माझं घड्याळ आपोआप चालतं, त्याला माझी गरज नाही. तरी रोज सकाळी सात वाजता, चहाच्या आधी, मी चावी देतो. बाबांच्या घड्याळाला. आणि वेळही त्याच्यावरूनच लावतो. ते दिवसाला अर्धा मिनिट मागे आहे, पण घरात त्याबद्दल कोणाची तक्रार नाही.